नक्षीचा गट ओळखणारा प्रोग्रॅम : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

काम काय, ते आधी लिहून ठेवतो. प्रतलभर दोन दिशांना पुन्हा पुन्हा येणारी नक्षी घ्यायची. तिला जशीच्या तशी स्वतःवर आणून बसवणाऱ्या हालचालींपैकी काही मोजक्या प्रोग्रॅमला द्यायच्या, आणि ती नक्षी सतरा गटांपैकी कोणत्या गटाची हे त्याने सांगायचं. (अशा सगळ्या हालचालींचा मिळून होणारा संच म्हणजे त्या नक्षीचा गट.) उलटही चाललं पाहिजे : गटाचं नाव आणि एक लहान आकृती दिली की प्रोग्रॅमने नक्षी काढून द्यायची.

सतरा हा आकडा रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फ्योदोरोव्ह यांनी १८९१ मध्ये सिद्ध केला. गणितज्ञ पोल्या यांनी १९२४ मध्ये तो स्वतंत्रपणे पुन्हा काढला आणि सतराही प्रकारांची चित्रं छापली. म्हणजे उत्तर शंभर वर्षांहून जुनं आहे आणि ओळखण्याचे तक्तेही भरपूर आहेत : सर्वांत लहान परिवलन किती अंशांचं, आरसा आहे का, सगळी केंद्रं आरशावर आहेत का, वगैरे. डोळ्याने ओळखायला ते तक्ते चांगले. पण सतराच का, अठरा का नाहीत, हे त्यांत कुठेच दिसत नाही. मला असा कोड हवा आहे ज्यात हा आकडा आधी कुठेही लिहिलेला नसेल आणि शेवटी आपोआप बाहेर पडेल. चित्राकडे पाहणं बंद. तपासायच्या त्या फक्त हालचाली.

९ जानेवारी

पाया. अंतर न बदलणारी प्रतलाची रूपांतरणं चारच जातींची : स्थानांतर, परिवलन, परावर्तन आणि सरक-परावर्तन, म्हणजे आरशात उलटवून त्याच आरशाच्या दिशेने पुढे सरकवणं. (काहीच न करणं हे शून्य लांबीचं स्थानांतर धरलं आहे.) चारच का, याची सिद्धता कोडच्या सुरुवातीच्या टिपेत घातली, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंपासूनची अंतरं दिली की प्रतलातला बिंदू पक्का होतो. म्हणून एका त्रिकोणाचे तीन शिरोबिंदू कुठे गेले एवढं कळलं की अख्ख्या प्रतलाचं काय झालं ते कळलं. आता मूळ त्रिकोण आणि त्याची एकरूप प्रतिमा समोर ठेवा. पहिला शिरोबिंदू जागेवर नसेल तर तो जिथे जायला हवा तिथपर्यंत रेषाखंड काढा आणि त्याच्या लंबदुभाजकात परावर्तन करा. पहिला बसला. दुसरा बसला नसेल तर पुन्हा तीच कृती. बसलेला पहिला बिंदू या नव्या दुभाजकावरच असतो, कारण दोन्ही टोकांपासून तो सारखाच दूर आहे, म्हणून तो हलत नाही. तिसऱ्यासाठीही तेच. जास्तीत जास्त तीन परावर्तनांत काम संपतं.

मग मोजदाद सोपी. छेदणाऱ्या दोन आरशांतून परिवलन मिळतं, आरशांमधल्या कोनाच्या दुप्पट. समांतर दोन आरशांतून स्थानांतर मिळतं, त्यांच्यातल्या अंतराच्या दुप्पट. तीन आरशांतून परावर्तन किंवा सरक-परावर्तन. यापलीकडे काही उरत नाही. शाळेत लंबदुभाजकाची रचना घोटून घेतात आणि तिथेच सोडून देतात. आणखी दोन तासिका दिल्या तर तिच्यातून प्रतलाच्या सगळ्या हालचाली हाती येतील.

१० जानेवारी

गटाच्या अटी. नक्षीला स्वतःवर आणून बसवणारी हालचाल म्हणजे सममिती. दोन सममिती एकापाठोपाठ एक केल्या तर होते तीही सममितीच. काहीच न करणं ही सममिती. प्रत्येक सममिती उलट करता येते. साहचर्य तपासायची गरज नाही, फलनांच्या संयोगात ते असतंच. क्रम मात्र सांभाळायचा : दोन छेदणारे आरसे उलट क्रमाने वापरले तर परिवलन उलट दिशेला होतं. कोडमध्ये उजवीकडचं रूपांतरण आधी, हा नियम सगळीकडे.

१३ जानेवारी

रूपांतरणं साठवायची कशी, हा प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. नेहमीच्या निर्देशकांत ६० अंशांच्या परिवलनात ३ चं वर्गमूळ येतं आणि दशांशात ते कुठेतरी तोडावंच लागतं. मग सहा वेळा फिरवल्यावर एककाऐवजी (एकक म्हणजे काहीच न करणं) एककाच्या जवळपासचं काहीतरी हाती येतं, आणि "एवढा फरक चालेल" अशी मर्यादा ठरवावी लागते. हे मला मान्य नाही. गट एकतर बंद असतो किंवा नसतो. जवळजवळ बंद असलेला गट अशी काही चीज नाही.

म्हणून नक्षीचंच जालक, म्हणजे तिच्या सगळ्या स्थानांतरांची जाळी, आधार म्हणून घ्यायचं. नक्षीच्या स्थानांतरांपैकी दोन मूळ सदिश निवडले की बाकीची सगळी स्थानांतरं त्यांच्या पूर्णांकी पटींच्या बेरजा असतात. प्रत्येक सममिती मग जोडीने लिहायची : मॅट्रिक्स म (चार अंकांचा २ × २ तक्ता, ओळीने वाचायचा) आणि सरकाव स. आधी फिरवा किंवा उलटवा, मग सरकवा. स्थानांतराच्या एका बाजूला कोणतीही सममिती आणि दुसऱ्या बाजूला तिचा व्यस्त लावला की पुन्हा स्थानांतरच मिळतं. याचा अर्थ म हा जालकाला जालकावरच नेतो, म्हणून जालकाच्या आधारात म चे चारही अंक पूर्णांक आणि निश्चयक +१ किंवा −१. एकमेकांशी १२० अंश करणारे दोन समान सदिश घेतले तर १२० अंशांचं परिवलन (०, −१, १, −१) असं होतं. वर्गमूळ गायब. सरकावासाठी पायथॉनचा अपूर्णांक-प्रकार वापरला. आता सगळी तुलना नेमकी, दशांश चिन्ह कुठेही नाही.

१४ जानेवारी

कालच्या निर्णयाचं पहिलं फळ लगेच मिळालं. परिवलनाच्या मॅट्रिक्सच्या मुख्य कर्णावरच्या अंकांची बेरीज आधार बदलला तरी बदलत नाही, आणि नेहमीच्या निर्देशकांत ती कोनाच्या कोसाइनच्या दुप्पट असते. जालकाच्या आधारात ती पूर्णांक असलीच पाहिजे. कोसाइनची दुप्पट −२ ते २ मध्येच असते, म्हणून −२, −१, ०, १, २ एवढेच पर्याय : १८०, १२०, ९०, ६० अंश, आणि काहीच न करणं. ७२ अंशांसाठी ही बेरीज ०.६१८… येते. म्हणून पंचकोनी परिवलन जालकाच्या नक्षीत बसत नाही.

१९८२ मध्ये पदार्थशास्त्रज्ञ शेख्तमान यांना अॅल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत दहापट परिवलन-सममिती (३६० अंशांचा दहावा भाग फिरवलं तरी तसंच) दाखवणारं विवर्तन-चित्र दिसलं. ते १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि २०११ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या प्रकरणात "गणिताचा नियम मोडला" असं लिहिलेलं अजून वाचायला मिळतं. नियमाला ओरखडाही गेला नाही. त्याचं गृहीतक, म्हणजे जालक असणं, त्या पदार्थाला लागू नव्हतं. माझ्या प्रोग्रॅममध्ये दोन स्वतंत्र स्थानांतरं न देणारी मागणी दारातच परत पाठवली जाते.

१९ जानेवारी

पहिली पायरी : सरकाव विसरून फक्त मॅट्रिक्स गोळा करायचे. ते नेहमी मर्यादित संख्येचे असतात. निव्वळ परिवलनांचे गट पाच (१, २, ३, ४, ६ पटींचे), आणि प्रत्येकात आरसे मिसळले की आणखी पाच. एकूण दहा. ओळखायला सदस्य मोजायचे आणि निश्चयक −१ असलेला एखादा आहे का ते पाहायचं. चार ओळींचं फंक्शन.

२२ जानेवारी

दुसरी पायरी. गुंता इथे सुरू होतो, आणि बहुतेक तक्ते इथेच हातचलाखी करतात.

एकाच दिशेचे आरसे असलेली नक्षी घ्या. मॅट्रिक्स दोनच : एकक आणि एक परावर्तन. दहांच्या यादीत हिचं नाव एकच. पण जालक आरशाच्या संदर्भात दोन प्रकारे बसू शकतं. एक, आयताकृती : जालकातला कुठलाही सदिश आरशाच्या दिशेतला भाग आणि आरशाला लंब भाग असा तोडला तर दोन्ही भाग जालकातच राहतात. दोन, समभुज चौकोनाकृती : काही सदिश तोडल्यावर अर्धे तुकडे पडतात आणि ते जालकात नसतात. पहिल्यातून पीएम निघतो, दुसऱ्यातून सीएम (ही आणि पुढची अशी अक्षरं म्हणजे सतरा गटांची रूढ नावं). सीएममध्ये दोन शेजारच्या आरशांच्या बरोबर मधोमध सरक-परावर्तनाची रेषा आपोआप येते. पीएममध्ये ती नसते.

डोळ्याला आरसे दिसतात, मधली ती रेषा दिसत नाही. म्हणून या जोडीत लोक चुकतात.

कोडपुढचा प्रश्न असा : परावर्तनाचा मॅट्रिक्स कुठल्याही वेड्यावाकड्या आधारात लिहून आला तर तो कोणत्या जातीचा? उदाहरणार्थ (१, २, ०, −१) आणि (१, १, ०, −१). दोन्ही परावर्तनं आहेत, वर्ग केला की दोन्ही एकक देतात. फरक फक्त एका अंकाचा.

आधार बदलत बदलत दोहोंपैकी एका साध्या रूपापर्यंत पोहोचायचं, ही सरळ रीत. ती लिहायला घेतली होती, पण त्याहून सुंदर काहीतरी समोर आलं. मॅट्रिक्समधून एकक वजा करा आणि चारही अंक सम आहेत का ते पाहा. आयताचं साधं रूप (१, ०, ०, −१) आहे, एकक वजा केल्यावर (०, ०, ०, −२) उरतं, सगळे सम. समभुज चौकोनाचं साधं रूप (०, १, १, ०) आहे, वजाबाकीनंतर (−१, १, १, −१), सगळे विषम. आता आधार बदलणं म्हणजे वजाबाकीच्या उत्तराला दोन्ही बाजूंनी पूर्णांकी मॅट्रिक्सने गुणणं. सगळे अंक सम असतील तर गुणाकारानंतरही समच राहतात, आणि आधार परत फिरवता येत असल्याने उलट बाजूही खरी. म्हणून हा गुण आधारावर अवलंबून नाही. वरच्या दोन उदाहरणांपैकी पहिलं आयताचं, दुसरं समभुज चौकोनाचं.

जालकाचा आकार, आरशाची दिशा, अर्धे तुकडे, या सगळ्याचं उत्तर सम-विषम पाहून मिळतं. या एका तपासणीसाठी दशांश टाळण्याची सगळी मेहनत वसूल झाली असं मी म्हणेन.

एकमेकांना लंब असे दोन आरसे असतील तर हीच तपासणी कुठल्याही एकावर करायची. दुसऱ्याचं उत्तर तेच येतं. चौरसात आरशांच्या दोन जाती एकत्रच असतात, बाजूंना समांतर आरसे आयताचे आणि कर्णांवरचे समभुज चौकोनाचे. म्हणून तिथे फाटा फुटत नाही.

२५ जानेवारी

तीनपट परिवलन आणि आरसे. इथेही दोन जाती, पण सम-विषमची युक्ती चालत नाही : दोन्हींतले आरसे समभुज चौकोनाच्याच जातीचे. पी३एम१ मध्ये तीनपट परिवलनाचं प्रत्येक केंद्र आरशावर असतं. पी३१एम मध्ये काही केंद्रं आरशांनी बनलेल्या त्रिकोणांच्या पोटात, आरशांपासून दूर असतात. नावं इतकी सारखी आहेत की काही पुस्तकांत ती अदलाबदल होऊन छापली गेली आहेत. त्यामुळे चाचणीचं उत्तर नावावरून न पडताळता केंद्रांवरून पडताळायचं, असं ठरवलं.

मॅट्रिक्सच्या भाषेत फरक फक्त चिन्हाचा आहे. १३ तारखेच्या १२० अंशांच्या आधारात आरसा (०, १, १, ०) असेल तर पी३१एम, आणि (०, −१, −१, ०) असेल तर पी३एम१. पण आधार वेगळा आला तर?

आरशावर स्थिर राहणारा जालकातला सर्वांत लहान सदिश घ्यायचा, त्याला १२० अंशांनी फिरवायचं, आणि या दोन सदिशांचा निश्चयक काढायचा. पहिल्या आरशासाठी स्थिर सदिश (१, १), फिरवल्यावर (−१, ०), निश्चयक १. दुसऱ्यासाठी (१, −१), फिरवल्यावर (१, २), निश्चयक ३. अर्थ असा : पी३१एम मध्ये आरशांच्या दिशेतले सदिश पूर्ण जालक बांधतात, पी३एम१ मध्ये जालकाचा फक्त एक तृतीयांश. निश्चयकाचं निव्वळ मूल्य आधारावर अवलंबून नाही, त्यामुळे तपासणी पक्की.

सहापट परिवलनात दोन्ही प्रकारचे आरसे एकत्र येतात, तिथे फाटा नाही. म्हणजे दहाच्या यादीतली तीनच नावं फुटली : एक आरसा, दोन लंब आरसे, तीन आरसे. दहाचे तेरा झाले.

२ फेब्रुवारी

तिसरी पायरी, सरकाव. सर्वांत जास्त घाबरत होतो ती हीच, आणि ती सर्वांत लवकर संपली.

परिवलनांचा प्रश्नच नाही. फिरवल्यावर एक बिंदू नेहमी जागेवर राहतो. आरंभबिंदू तिथे नेला की त्या परिवलनाचा सरकाव शून्य. अडचण फक्त परावर्तनांची, कारण ती सरक-परावर्तनं असू शकतात.

परावर्तन दोनदा केलं की म नाहीसा होतो आणि उरतं एक स्थानांतर, आरशाच्या दिशेतलं. ते जालकात असलंच पाहिजे, म्हणून ते आरशाच्या दिशेतल्या सर्वांत लहान सदिशाची पूर्णांकी पट असतं. ती पट किती? आयताच्या जातीत सरकावात जालकातले सदिश कितीही मिसळले तरी ही पट दोन-दोननेच बदलते. म्हणून पट सम असेल तर खरा आरसा कुठेतरी सापडतो. विषम असेल तर अर्धा सरकाव कायमचा चिकटलेला, ते सरक-परावर्तनच. समभुज चौकोनाच्या जातीत मात्र पट एक-एकने बदलता येते, त्यामुळे ती नेहमी शून्यावर आणता येते. तिथे खरा आरसा असतोच.

पुन्हा सम-विषम. आता फक्त मोजायचं. एकाच दिशेचा, आयताचा आरसा : सम असेल तर पीएम, विषम असेल तर पीजी. आयतातले लंब आरसे : दोन्ही सम असतील तर पीएमएम, एक विषम असेल तर पीएमजी, दोन्ही विषम असतील तर पीजीजी. चौरस : बाजूंना समांतर आरशाची पट सम असेल तर पी४एम, विषम असेल तर पी४जी. उरलेल्या दहा जातींत एकेकच शक्यता. दोन, तीन, दोन आणि दहा.

प्रोग्रॅमने १७ छापलं. कोडमध्ये हा आकडा कुठेही लिहिलेला नाही.

३ फेब्रुवारी

पीजीजीबद्दल एक टीप. त्यात एकही आरसा नाही, तरी दोन दिशांची सरक-परावर्तनं आहेत. डोळ्याने पाहणारा ती चुकवून नक्षीला सरसकट पी२ म्हणून मोकळा होतो. प्रोग्रॅमला पीजीजी आणि पी६एम सारखेच सोपे.

८ फेब्रुवारी

उलटी बाजू, चित्र काढणं. आतापर्यंत सगळं पूर्णांकांत चाललं, लांबी आणि कोन कुठेही साठवलेले नाहीत. कागदावर काढायचं तर मूळ दोन सदिश एकमेकांशी किती अंश करतात हे ठरवावं लागणार. प्रत्येक गटासाठी तक्ता करून ठेवता येईल, पण तक्ते टाळायचेच असं ठरलेलं आहे.

जालकाच्या कुठल्याही काल्पनिक मापाने सुरुवात करायची, समजा दोन्ही सदिश एक लांबीचे आणि काटकोनात. मग गटातल्या प्रत्येक मॅट्रिक्सने ते माप फिरवून सगळ्या मापांची बेरीज करायची. गटातल्या कुठल्याही सदस्याने ही बेरीज फिरवली तर पदांची फक्त अदलाबदल होते, बेरीज तीच राहते. म्हणजे नव्या मापाने प्रत्येक मॅट्रिक्स अंतर राखणारा ठरतो. सूत्रात, प्रत्येक म साठी म चा परिवर्त गुणिले म, आणि त्या सगळ्यांची बेरीज.

तीनपट परिवलनावर हाताने करून पाहिलं. एकक (१, ०; ०, १) देतो, १२० अंश (१, −१; −१, २) देतो, २४० अंश (२, −१; −१, १). बेरीज (४, −२, −२, ४). दोन्ही सदिशांच्या लांबीचा वर्ग ४, त्यांचा बिंदुगुणाकार −२, म्हणजे कोसाइन −१/२. कोन १२० अंश. काटकोनाचं चुकीचं माप दिलं होतं, गटानेच ते सरळ करून परत दिलं. इथून पुढे फक्त एसव्हीजी (चित्राची फाइल) लिहिताना दशांश येतात, आणि तिथे ते आले तरी काही बिघडत नाही.

मूळ आकृती म्हणून विषमभुज त्रिकोण घेतला. आकृतीला स्वतःची सममिती असेल आणि ती सोयीच्या जागी ठेवली गेली तर नक्षीचा गट मागितल्यापेक्षा मोठा होतो.

९ फेब्रुवारी

कालच्या कामातून जाणवलेली एक गोष्ट. प्रोग्रॅम ज्याच्या आधारे गट ओळखतो त्यात लांबी नाही, कोन नाही, वर्तुळ नाही. नक्षी तिरकी ताणली, चौरसाचे समांतरभुज चौकोन झाले, तरी त्याच ताणाने बदललेल्या हालचाली त्याच पूर्णांकांनी लिहिल्या जातात. म्हणजे हे वर्गीकरण युक्लिडच्या भूमितीचं नसून समांतरता आणि एका रेषेवरची गुणोत्तरं राखणाऱ्या भूमितीचं आहे. अंतर ही नंतर गटाच्या बेरजेतून हाती येणारी वस्तू.

१८७२ मध्ये एर्लांगेन इथे गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी हाच क्रम सगळ्या भूमितीसाठी मांडला : आधी रूपांतरणांचा गट ठरवा, मग त्या गटाखाली जे बदलत नाही ती तुमची भूमिती. अंतर राखणाऱ्या गटासाठी दोन त्रिकोण एकरूप आहेत का हा प्रश्न. आकारमान बदलू देणाऱ्या गटासाठी समरूपता. तिरका ताण चालणाऱ्या गटासाठी सगळे त्रिकोण एकच आणि सगळे लंबवर्तुळ वर्तुळाइतकेच चांगले, पण त्रिकोणाची मध्यगा मध्यगाच राहते आणि मध्यगासंपात तिला २ : १ मध्येच विभागतो. प्रक्षेपांच्या गटात समांतरताही जाते आणि एका रेषेवरच्या चार बिंदूंचं दुहेरी गुणोत्तर तेवढं टिकतं. गट जितका मोठा, तितकं शिल्लक कमी. मध्यगासंपाताचं प्रमेय समभुज त्रिकोणापुरतं सिद्ध केलं की सगळ्यांसाठी झालं, ही पळवाट याच विचारातून मिळते. ती मी पूर्वी उत्तरपत्रिकेत वापरली असती तर गुण मिळाले असते का, शंका आहे.

१५ फेब्रुवारी

स्वतंत्र पडताळणी हवी होती, म्हणजे प्रोग्रॅमच्या वाटेने न जाणारी. गणितज्ञ कॉनवे यांची चिन्हपद्धती त्यासाठी फार सोयीची. आरशाबाहेरचं 'न' पटीचं (न म्हणजे २, ३, ४ असा आकडा) परिवलन-केंद्र असेल तर तो आकडा लिहायचा, आरसा असेल तर तारा, ताऱ्यापुढे आरशांच्या छेदावरची केंद्रं, आरशाविना उलटापालट होत असेल तर फुली, आणि यातलं काहीच नसेल तर गोल. पी६ म्हणजे ६३२, पी४जी म्हणजे ४*२, पी३१एम म्हणजे ३*३, पीजीजी म्हणजे २२×.

आता प्रत्येक चिन्हाला किंमत. ताऱ्याआधीच्या न ला (न−१)/न, ताऱ्यानंतरच्या न ला त्याच्या निम्मी, तारा आणि फुली प्रत्येकी १, गोल २. नक्षीच्या गटात बेरीज नेमकी २ येते. ६३२ साठी ५/६ + २/३ + १/२. ४*२ साठी ३/४ + १ + १/४. २२× साठी १/२ + १/२ + १. आणि २ बेरीज होणाऱ्या चिन्हमाला बरोबर सतराच आहेत.

कारणही तपासून पाहिलं. एकमेकांवर जाणारे सगळे बिंदू एकच मानले तर प्रतल गुंडाळून एक लहान पृष्ठ उरतं. पी२ गुंडाळला की उशीच्या अभ्र्यासारखं चार टोकांचं बंद पृष्ठ मिळतं, पी१ मधून वलयपृष्ठ, सीएममधून मोबियसची पट्टी, पीजीमधून क्लाइनची बाटली. सपाट प्रतलातून आलेलं असल्याने अशा पृष्ठाची ऑयलर-संख्या (पृष्ठाच्या घडणीवरून ठरणारा एक आकडा) शून्य असावी लागते, आणि किमतींची बेरीज २ असणं म्हणजे तेच.

चाचणीत प्रोग्रॅम केंद्रं आणि आरसे स्वतः शोधतो, चिन्हमाला बनवतो, बेरीज करतो. सतराही गटांची बेरीज २ आली. गंमत म्हणजे या वाटेवर जालकाची पायरी लागतच नाही : दहा नाहीत, तेरा नाहीत, थेट सतरा. तरी मला माझ्या तीन पायऱ्याच जास्त आवडतात. कॉनवेंची रीत किती ते चटकन सांगते. कोणत्या नक्ष्या एकमेकींच्या जवळच्या आणि त्या नेमक्या कुठे वेगळ्या होतात, ते पायऱ्यांत दिसतं. शिवाय त्या त्रिमितीत आणि त्याच्याही पुढे नेता येतात.

२१ फेब्रुवारी

रंगांचा प्रश्न. अमर्याद बुद्धिबळाचा पट घ्या. काळं काळ्यावर आणि पांढरं पांढऱ्यावर जायला हवं असेल तर उत्तर पी४एम. रंगांची अदलाबदल चालत असेल तर हालचाली दुप्पट, मूळ घराचं क्षेत्रफळ निम्मं, आणि उत्तर पुन्हा पी४एम. गट आणि त्याचा अर्धा उपगट, दोघांचं नाव एकच. म्हणून दोन रंगांच्या नक्षीसाठी एक नाव पुरत नाही, जोडी सांगावी लागते : मोठा गट आणि त्यातला रंग राखणारा अर्धा. अशा खऱ्या दोनरंगी जाती प्रतलात ४६ आहेत. कोडमध्ये प्रत्येक हालचालीला एक चिन्ह जोडलं, + किंवा −, आणि गुणाकारात चिन्हंही गुणली. बाकी काही बदलावं लागलं नाही. ४६ मोजण्याचा भाग अजून लिहायचा आहे.

१ मार्च

त्रिमितीत हाच जिना चढता येईल का, याचा अंदाज घेतला. दहाच्या जागी ३२ (खनिजशास्त्रज्ञ हेसेल यांनी हे १८३० मध्येच काढले होते), तेराच्या जागी ७३, सतराच्या जागी २३०. डावे-उजवे जुळे वेगळे धरले नाहीत तर २१९. चौमितीत, जुळे न मोजता, ४७८३.

पहिल्या पायरीचा कोड थोड्या बदलांनी चालेल. दुसरीत २ × २ च्या युक्त्या संपतात : सम-विषम पाहून ७३ जाती सुटत नाहीत, तिथे आधार बदलणारा पूर्णांकी मॅट्रिक्स खरोखर शोधावा लागेल. तिसरीत स्क्रूसारखी सममिती येते, म्हणजे फिरवत फिरवत अक्षाच्या दिशेने सरकवणं. तिथे अर्ध्याच्या जोडीला तृतीयांश, चतुर्थांश आणि षष्ठांश सरकावही कायमचे चिकटतात. यासाठी गणितज्ञ झासेनहाउस यांची १९४८ ची रीत आहे : जनकांमधली (ज्या मोजक्या हालचालींपासून सगळा गट बनतो त्यांच्यातली) समीकरणं सरकावांसाठी लिहायची, पूर्णांक सोडून देऊन सोडवायची, आणि आरंभबिंदू हलवून एकमेकांत बदलणारी उत्तरं एकच मानायची. २ फेब्रुवारीची सम-विषम तपासणी ही या रीतीचीच सर्वांत लहान आवृत्ती निघाली.

आधी प्रतलातलं समीकरण-रूप लिहून जुन्या तपासणीशी जुळवायचं. सतराही जुळले की त्रिमितीतल्या एकाच अक्षाच्या गटांना हात घालायचा.